छाया वाचणाऱ्यांची घडण

(नाशिक रोड येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्या सभेत क्ष-किरणशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



या गावात बोलताना मला एक सोय आहे. कागद उजेडासमोर धरून पाहणे म्हणजे काय, हे नाशिक रोडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. १९२५ साली येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, १९२८ साली करन्सी नोट प्रेस आली, आणि तेव्हापासून या परिसरातील कित्येक घरांत एक तरी माणूस असा निघतो की, हाती नोट पडताच तो ती आधी उजेडाकडे नेतो. कागदाच्या पोटात काय आहे ते त्याला दिसते. आपल्यालाही डोळे असतात, पण आपल्याला ते दिसत नाही. माझा आयुष्यभराचा व्यवसाय याहून फारसा निराळा नव्हता. फरक एवढाच की, मी उजेडासमोर धरत होतो ती माणसाच्या छातीची, पोटाची, मेंदूची छाया होती, आणि माझी नजर चुकली तर नोट परत छापता येत नव्हती.

आज मला क्ष-किरणशास्त्र आणि प्रतिमानिदान शिकवणाऱ्या अध्यापकांविषयी बोलण्यास सांगण्यात आले आहे. विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या चार भिंतींतला प्रश्न. ग्रामपंचायतीच्या सदस्याला त्याचे काय? पण रुग्णालयात आपण कोणाकोणाला भेटतो ते आठवून पाहा. औषध लिहून देणारे डॉक्टर दिसतात, यंत्रासमोर उभे करून ‘श्वास रोखून धरा’ म्हणणारा तंत्रज्ञ दिसतो. या दोघांच्या मध्ये एक माणूस असतो. तो ती छाया वाचतो आणि चार ओळींचा अहवाल लिहितो. त्याचे तोंड रुग्ण बहुधा पाहत नाही. आणि त्याला वाचायला ज्याने शिकवले तो तर आणखी एका पडद्याआड असतो. तालुक्याच्या गावी नवे यंत्र आले म्हणजे आपण नारळ फोडतो, हार घालतो, छायाचित्र काढतो. ते यंत्र जे दाखवील ते वाचणारा कोठून येणार, असा प्रश्न त्या समारंभात कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन या प्राध्यापकाला प्रयोगशाळेत हे अज्ञात किरण आढळले. त्यांचे स्वरूप ठाऊक नव्हते म्हणून त्यांना ‘क्ष’ म्हटले गेले. बीजगणितातले नाव आपल्या भाषेतही जसेच्या तसे रुजले. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. शोधाचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. हा मनुष्य मुळात शिक्षक होता, हे शिक्षकांच्या सभेत आवर्जून सांगावेसे वाटते. शोधानंतर दोनच वर्षांनी, १८९७-९८ मध्ये, वायव्य सरहद्दीवरील तिराहच्या मोहिमेत वॉल्टर बीव्हर या लष्करी शल्यवैद्याने हे यंत्र डोंगरात नेऊन जखमी सैनिकांच्या अंगातील गोळ्या शोधल्या. शेजारच्या देवळालीच्या छावणीतील मंडळींना ही हकिकत रुचावी.

या विद्येची किंमत तिच्या पहिल्या उपासकांनी आपल्या देहाने मोजली. हॅम्बुर्ग शहरात १९३६ साली एक स्मारक उभारले गेले. त्यावर किरणांच्या माऱ्याने प्राण गमावलेल्या १६९ डॉक्टरांची, शास्त्रज्ञांची, तंत्रज्ञांची आणि परिचारिकांची नावे कोरली होती. पुढे ती वाढत गेली. आज आपल्याकडे प्रत्येक कर्मचारी छातीवर एक लहानसा बिल्ला लावतो, तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो आणि त्याच्या अंगावर किती किरण पडले याची नोंद होते. वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षी ३० पेक्षा अधिक नाही, अशी मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळाने घातली आहे. हे मंडळ १९८३ साली स्थापन झाले. बिल्ला घरी खुंटीला टांगून यंत्राजवळ जाणारे तरुण मी पाहिले आहेत. त्यांना मी हॅम्बुर्गच्या दगडाची गोष्ट सांगत असे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. छाया वाचणे ही काय वस्तू आहे? लोकांची समजूत अशी की, यंत्र फोटो काढते, फोटोत रोग दिसतो आणि डॉक्टर तो पाहतो. इतके सोपे असते तर आमच्या विषयाला अध्यापकांची गरजच पडली नसती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेत येरुशाल्मी, गार्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसाचे काम केले. छातीच्या त्याच त्या फिल्म त्यांनी अनुभवी तज्ज्ञांना स्वतंत्रपणे वाचायला दिल्या. ज्या फिल्ममध्ये दोष निश्चित होता, त्यांपैकी शंभरातल्या सुमारे तीस तज्ज्ञांच्या नजरेतून निसटल्या. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की, तीच फिल्म त्याच तज्ज्ञाला काही काळाने पुन्हा दिली तर तो स्वतःशीच असहमत होई. ही बातमी आमच्या व्यवसायाला सुखावह नव्हती. पण तिच्यामुळेच वाचन ही शिस्त म्हणून शिकवली पाहिजे, हे सर्वांना मान्य करावे लागले.

छातीच्या साध्या फिल्ममध्ये चार कोपरे फसवे असतात. गळपट्टीच्या हाडामागे दडलेले फुप्फुसाचे टोक, हृदयामागची जागा, फुप्फुसांची मुळे जेथे एकवटतात तो भाग, आणि छाती व पोट यांमधल्या पडद्याखाली झाकला जाणारा तळ. नवशिक्याची नजर फिल्मच्या मधोमध जाते. जाणत्याची नजर ठरलेल्या वाटेने फिरते आणि या चार ठिकाणी मुद्दाम थांबते. आणि पहिला दोष सापडला की, मन समाधान पावते व शोध थांबवते. बरगडी मोडलेली दिसली की, तिच्यामागची गाठ दिसेनाशी होते. या समाधानाशी झगडायला शिकवणे हे आमच्या अध्यापनातले सर्वांत अवघड काम आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी नुकताच अधिव्याख्याता झालो होतो. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. खेड्यातून एक प्राथमिक शाळेचे गुरुजी खोकल्याची तक्रार घेऊन आले. त्या दिवशी माझ्यासमोर फिल्मचा ढीग होता. त्यांची फिल्म पाहून मी ‘छाती निर्दोष’ असे लिहिले. गुरुजींच्या पिशवीत दोन वर्षांपूर्वीची एक जुनी फिल्म वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. ‘ही पाहता का साहेब?’ असे त्यांनी विचारलेही होते. मी ती उघडली नाही. सात महिन्यांनी ते परत आले तेव्हा उजव्या गळपट्टीच्या हाडामागची गाठ कोणालाही दिसावी एवढी मोठी झाली होती. मग जुनी फिल्म उघडली, माझी फिल्म शेजारी लावली. जुन्या फिल्ममध्ये तो कोपरा स्वच्छ होता, माझ्या फिल्ममध्ये तेथे अंगठ्याच्या नखाएवढी पुसट छाया होती. दोन्ही शेजारी ठेवल्यावर ती लहान मुलालाही दिसली असती.

आमच्या विभागप्रमुखांनी त्या तिन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर लावल्या आणि दहा-बारा निवासी डॉक्टरांना बोलावले. मधली फिल्म कोणी वाचली, हे त्यांनी विचारले नाही. मीच हात वर केला. ते एवढेच म्हणाले, ‘पुढच्या आठवड्यापासून फुप्फुसाच्या टोकाचा पाठ तुम्ही घ्यायचा.’ तो पाठ मी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी घेतला, आणि प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी तीच तीन चित्रे दाखवली. गुरुजी मात्र त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. यास्तव या सभेतील प्रत्येकाला माझी पहिली विनंती अशी की, जुन्या फिल्म, जुने अहवाल फेकू नका, आणि डॉक्टरांनी मागितले नाही तरी पुढे करा. आणखी एकदा पुढे करा.

असा वाचणारा तयार व्हायला किती वर्षे लागतात? वैद्यकीय पदवी आणि आंतरवासिता मिळून साडेपाच वर्षे, विषयातील पदव्युत्तर पदवी तीन वर्षे, वरिष्ठ निवासी म्हणून एक वर्ष, सहायक प्राध्यापक म्हणून किमान चार, सहयोगी प्राध्यापक म्हणून किमान तीन. आमच्या वेळी यांनाच अधिव्याख्याता आणि प्रपाठक म्हणत. नावे बदलली, जिने तेच आहेत. केवळ नियमांचा हिशेब धरला तरी बारावीनंतर साडेसोळा वर्षांनी माणूस प्राध्यापकपदाच्या उंबरठ्यावर येतो, आणि प्रत्यक्षात याहून उशीर होतो. या काळात विषयही त्याच्या पायाखाली बदलत जातो. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनमध्ये सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. पुढे सोनोग्राफी सर्वत्र झाली, एमआरआय आले. ज्याने काळोख्या खोलीत फिल्म धुण्यापासून सुरुवात केली, त्याला निवृत्तीच्या आधी फिल्मच नसलेल्या विभागात शिकवावे लागले. माझ्या पिढीने हे सारे नोकरीत असतानाच शिकून घेतले, आणि कित्येकदा विद्यार्थ्यांच्या एकच पाऊल पुढे राहून शिकवले. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. शिक्षकांना हे सांगायला नको.

या घडणीशी नाशिकचा संबंध जवळचा आहे. १९९८ पूर्वी राज्यातल्या वैद्यकीय पदव्या मुंबई, पुणे, नागपूर अशी निरनिराळी विद्यापीठे देत असत. त्या वर्षी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नाशिकला, म्हसरूळला आले. तेव्हापासून राज्यभरच्या वैद्यकीय अध्यापकांना नाशिक रोडचे स्थानक ओळखीचे झाले. परीक्षेच्या, अभ्यासक्रमाच्या कामासाठी मी किती वेळा पंचवटी एक्स्प्रेसने येथे उतरलो आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घातली, याची गणती नाही. शहरातही डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय १९९० पासून आडगावला आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यात ही घडण रोज चालू आहे. ती आपल्याला दिसत नाही, इतकेच.

आमच्या विषयाचा अध्यापक केवळ वाचतो असेही नाही. येथे मला मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचा आणि केईएम रुग्णालयाचा दाखला द्यावासा वाटतो. १९२६ पासून चाललेले हे महानगरपालिकेचे रुग्णालय. येथे गरिबांची गर्दी, आणि गरिबांचा रोग क्षय. जुन्या क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसातून काही रुग्णांना एकाएकी तोंडावाटे रक्त येऊ लागते, वाटीवाटीने. असा रुग्ण बहुधा रक्त संपून मरत नाही. श्वासनलिका रक्ताने भरून तो गुदमरतो. पुष्कळदा फुप्फुस इतके जीर्ण झालेले असते की, शस्त्रक्रिया सोसवत नाही. १९७०च्या दशकात फ्रान्समधील रेमी यांनी एक मार्ग दाखवला होता. जांघेतील धमनीतून बारीक नळी आत सारायची, पडद्यावर क्ष-किरणांनी तिची वाट पाहत ती छातीतील महाधमनीपर्यंत न्यायची, फुप्फुसाला रक्त पुरवणारी नेमकी फाटलेली फांदी शोधायची आणि तेथे बारीक कण सोडून ती बंद करायची.

केईएममध्ये डॉ. रवी रामकांतन आणि त्यांचे सहकारी यांनी हे काम नेटाने केले. जिलेटिनचा साधा, शरीरात विरघळणारा स्पंज बारीक कापून ते वापरत. क्षयामुळे झालेल्या अशा रक्तस्रावाच्या १४० रुग्णांचा त्यांचा अनुभव १९९६ साली ‘रेडिऑलॉजी’ या अमेरिकेतून निघणाऱ्या आमच्या शास्त्रातील अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि बहुसंख्य रुग्णांचा रक्तस्राव थांबला होता. परळच्या पालिका रुग्णालयातील काम जगाने वाचले. त्या निबंधाच्या लेखकांत डॉ. हेमंत देशमुख हे एक होते. पुढे ते त्याच विभागाचे प्रमुख झाले आणि त्यानंतर रुग्णालयाचे अधिष्ठाता. अंधाऱ्या खोलीत बसणाऱ्या विषयाचा माणूस एवढ्या मोठ्या संस्थेचा कारभार पाहतो, याचे मला आश्चर्य वाटले नाही. रुग्णालयातल्या प्रत्येक विभागाचा रुग्ण आमच्या दारावरून जातो; कोठे काय तुंबले आहे, हे आम्हाला इतरांच्या आधी कळते.

या कामातला धोका सांगितल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. फुप्फुसाकडे जाणाऱ्या त्या धमनीच्याच फाट्यावरून कधी कधी मज्जारज्जूला रक्त नेणारी एक अतिबारीक धमनी निघते. पडद्यावर ती केसांच्या पिनेसारखे वळण घेताना क्षणभर दिसते. ती न ओळखता कण सोडले तर रुग्णाचे प्राण वाचतील, पण कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडेल. ते वळण ओळखायला पुस्तकातले चित्र पुरत नाही. ज्याने ते पाहिले आहे अशा माणसाने शेजारी उभे राहून ‘थांब’ म्हणावे लागते. अध्यापक म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मला करता येत नाही.

आणि हाच शेजारी उभा राहणारा माणूस आज दुर्मिळ होत आहे. पदव्युत्तर प्रवेशात गुणवत्ता यादीतील अगदी वरची मुले-मुली आज आमचा विषय निवडतात. याचा आनंद आहे. पण शिकून झाल्यावर त्यांतले फार थोडे शिकवायला थांबतात. बाहेरच्या केंद्रांत मिळणारे उत्पन्न अध्यापकाच्या वेतनाच्या कितीतरी पट असते. त्यांना दोष देऊन काही साधणार नाही. आता तर घरी बसून संगणकाच्या पडद्यावर दूरदूरच्या रुग्णालयांची चित्रे वाचता येतात. त्यात सोय मोठी आहे. रात्री दोन वाजता अपघाताचा रुग्ण आला तर तालुक्याच्या गावालाही तज्ज्ञाचे मत मिळू शकते. पण दूरवर बसलेल्या वाचकाला आपण लिहिलेले खरे ठरले की खोटे, हे बहुधा कळत नाही. शस्त्रक्रियेत काय निघाले, रुग्ण सहा महिन्यांनी कसा आहे, हे त्याच्यापर्यंत परत येत नाही. माझ्या हातून झालेली चूक मला कळली, कारण गुरुजी त्याच दारात परत आले. जो वाचक आपल्या चुका पाहत नाही त्याचा वेग वाढतो, नजर वाढत नाही.

शासनाने या उणिवेकडे पाहिले नाही असे नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२५ च्या नियमांत २२० किंवा अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयांतील अनुभवी विशेषज्ञांना अध्यापकपदाची वाट मोकळी केली. काही जुन्या सहकाऱ्यांना हे रुचले नाही. माझे मत निराळे आहे. जिल्हा रुग्णालयात वर्षानुवर्षे फिल्म वाचलेल्या माणसाजवळ शिकवण्यासारखे पुष्कळ असते. मात्र त्याला शिकवण्यासाठी वेळ दिला पाहिजे. सकाळपासून दोनशे अहवाल त्याच्या टेबलावर असतील आणि शिवाय अध्यापकाची पाटी त्याच्या दारावर लावली असेल, तर ती पाटीच राहील.

आता क्षयाविषयी, कारण येथे आपला आणि आमचा संबंध थेट येतो. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने फिरत्या क्ष-किरण गाड्या देशभर नेऊन लहान फिल्मवर हजारो छात्यांची चित्रे घेतली. तोवर समज असा होता की, क्षय हा शहरातील गिरणी-चाळींचा रोग. पाहणीत तो खेड्यांतही जवळजवळ तितकाच आढळला. पण यंत्रे महाग, वीज नाही, वाचणारे थोडे. म्हणून १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने थुंकीच्या तपासणीवर भर दिला. त्या काळात तोच निर्णय शहाणपणाचा होता. साठ वर्षांनी चक्र फिरले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की, केवळ खोकला-तापाची लक्षणे विचारून थांबले असते आणि छातीचा क्ष-किरण काढला नसता, तर सापडलेल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के निसटले असते. म्हणजे आपल्या शेजारी बसलेला, न खोकणारा, कामावर जाणारा माणूस.

त्यामुळे आता बॅटरीवर चालणारी, हातात उचलून नेता येणारी यंत्रे गावोगावच्या शिबिरांत दिसू लागली आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर अशा डोंगरी तालुक्यांत ही सोय किती मोलाची, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. अशा शिबिरांत आता संगणकही फिल्म वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयशोधासाठी त्यास मान्यता दिली, आणि अशी एक प्रणाली बनवणारी क्युअर डॉट एआय ही कंपनी २०१६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. मला लोक विचारतात, आता तुमची गरज काय? संगणक थकत नाही, ढीग पाहून कंटाळत नाही. माझ्यासारखा तो गुरुजींच्या दिवशी घाईत नसता. हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याला शिकवले कोणी? ज्या लक्षावधी फिल्मवर तो शिकला, त्यांतल्या पुष्कळांवर आधी कोणा माणसाने ‘येथे दोष आहे’ असे लिहून ठेवले होते. शिवाय जुना, बरा झालेला क्षयाचा व्रण, दगड फोडणाऱ्याच्या फुप्फुसात साठलेली धूळ आणि आजचा जिवंत क्षय या तिन्हींच्या छाया एकमेकींसारख्या दिसू शकतात. संगणक संशय सांगतो. थुंकी तपासून खात्री करावी लागते, आणि संशय कोठे सैल ठेवायचा, कोठे घट्ट, हे त्या त्या भागातील रोग जाणणाऱ्याने ठरवावे लागते. शिबिरात संगणकाने संशय दाखवलेल्यांपैकी किती जणांची थुंकी तपासली गेली, एवढा एक प्रश्न ग्रामसभेत विचारावा.

करोनाच्या दिवसांत आमचे शास्त्र एकदम घरोघरी गेले. ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येत होता. फुप्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पंचवीस. हे गुण नजरेच्या अंदाजाने दिले जातात. एका वाचकाचे आठ ते दुसऱ्याचे दहा असू शकतात, आणि रुग्णाची तब्येत त्या आकड्यापेक्षा त्याच्या रक्तातील प्राणवायूवरून अधिक कळत असे. तरी आठ ऐकून निर्धास्त झालेले आणि बारा ऐकून खचलेले लोक मी पाहिले. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने या तपासणीचे दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये असे बांधून दिले, ते फार योग्य झाले. दर बांधता येतो. अनावश्यक तपासणीचा मोह बांधता येत नाही. छातीच्या एका साध्या क्ष-किरणातून आपल्याला जेवढे किरण मिळतात तेवढे जमीन व आकाश आपल्याला काही दिवसांत देतच असतात. सीटीची मात्रा त्याहून कितीतरी अधिक. किती पट, यावर २०२१ साली दिल्लीतील तज्ज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना यांच्यात जाहीर वाद झाला, कारण ती यंत्रावर आणि ते चालवणाऱ्यावर अवलंबून असते. डॉक्टर ‘नको’ म्हणत असतील तर हट्ट धरू नये, इतके त्यातून घेण्यासारखे आहे.

एक अप्रिय विषय टाळता येणार नाही. सोनोग्राफीचे यंत्र गर्भातील व्यंग वेळीच दाखवते, आईचे प्राण वाचवते. त्याच यंत्राने आपल्या समाजाने मुली वेचून मारल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. एवढे होऊनही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी उतरत गेली. आमच्या व्यवसायातील पुष्कळांची तक्रार असते की, ‘एफ’ नमुन्यातील कारकुनी चुकीलाही गुन्हेगाराची वागणूक मिळते. तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणत नाही. पण हे तीन आकडे समोर ठेवले की, माझा आवाज खाली येतो. यंत्र आमच्या हाती होते. निवासी डॉक्टरांना गर्भाची तपासणी शिकवताना मी दोन गोष्टी एकाच तासाला शिकवी: काय पाहायचे, आणि आपल्याला दिसले तरी काय उच्चारायचे नाही, शब्दाने नाही, खुणेने नाही, पेढ्याच्या नावानेही नाही. गावच्या जन्मनोंदीची वही आपल्या हाती असते. तिच्यातील मुलामुलींचे आकडे वर्षातून एकदा मोठ्याने वाचले जावेत, अशी सूचना मी मागेही एका सभेत केली होती. ती तेव्हा हसण्यावारी गेली.

शिक्षक मंडळींना एक सांगायचे राहिले. दहावी-बारावीच्या मुलांना आमच्या क्षेत्रात डॉक्टर होण्याखेरीज दुसरा मार्गही आहे, तो क्ष-किरण तंत्रज्ञाचा. चांगली फिल्म काढणारा तंत्रज्ञ नसेल तर माझ्यासारख्याची सारी विद्या व्यर्थ. श्वास पुरता न घेता, तिरप्या उभ्या केलेल्या माणसाच्या फिल्ममध्ये हृदय मोठे दिसते आणि नसलेला रोग लिहिला जातो. २०२१ च्या कायद्याने या व सहयोगी आरोग्यसेवेतील इतर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन केला आहे. विज्ञानाची आवड असलेल्या, पण डॉक्टरकीच्या स्पर्धेत मागे पडलेल्या मुलामुलींना ही वाट दाखवावी.

माझे बोलणे लांबले. येताना मी चार फिल्म बरोबर आणल्या आहेत. नावे, तारखा, रुग्णालये सारे काढून टाकले आहे. त्यांतल्या तीन एकाच छातीच्या आहेत, त्या कोणाच्या हे आता आपल्याला ठाऊक आहे. कृपा करून मागचे दिवे मालवावेत आणि खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत. आधी दुसरी फिल्म लावतो. घाई करू नका. वरच्या उजव्या कोपऱ्यात हाड दिसते आहे, त्याच्या मागे पाहा.